रात्र मोजणारं झाड

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गांजावर बोलणार?" हो, गांजावरच. पण लागवडीची कृती मिळेल म्हणून कोणी आलं असेल, तर त्यांची निराशा होईल. बऱ्याच देशांत परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे, आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना माझी गरज नाही. माझं कुतूहल वेगळं आहे. हे झाड रात्र मोजतं, आणि झाडं रात्र मोजतात याचा अगदी सुरुवातीचा सुगावा लागला तोही याच झाडाकडून.

बंद खोलीत दिव्यांखाली गांजा वाढवणाऱ्यांचं एक गणित ठरलेलं असतं. झाड नुसतं वाढवायचं तोवर १८ तास उजेड आणि ६ तास अंधार. फुलवायचं ठरलं की १२ आणि १२. टायमर बदलला की एकदोन आठवड्यांत मादी झाडाच्या पेरांशी पांढरे, केसांसारखे धागे डोकावू लागतात. त्या फुलांच्या कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारे भाग. खत तेच, पाणी तेच, बदललं ते फक्त वेळापत्रक. सगळे म्हणतात, उजेड सहा तासांनी कमी केला म्हणून झाड फुललं. मी म्हणतो, अंधार सहा तासांनी वाढवला म्हणून फुललं. तुम्ही हसताय, पण हा शब्दच्छल नाही. हे सिद्ध व्हायला पाव शतक गेलं.

१९१२ साली फ्रान्समध्ये ज्यूलियाँ तुर्न्वा नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप (बिअरमध्ये घालतात ती वेल) आणि भांग, म्हणजे गांजाचंच झाड, या दोघांचा अभ्यास करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपं नीट वाढायच्या आतच फुलत होती. त्याने रोपांना मुद्दाम मोजकाच उजेड दिला, तरी ती तशीच लवकर फुलली. त्याचा निष्कर्ष असा, की कारण दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होण्यात असावं. नेमकं बोट ठेवलं होतं त्याने. पण महायुद्ध पेटलं, तो त्यात मारला गेला आणि ते काम तिथेच थांबलं.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. गार्नर आणि ॲलर्ड या दोन शास्त्रज्ञांपुढे तंबाखूचा एक वाण होता, मेरीलँड मॅमथ. उन्हाळाभर तो माणसाच्या डोक्यावर जाई, पण शेतात फूल म्हणून धरत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र कमरेइतक्या रोपाला बहर येई. या दोघांनी काय केलं, तर ऐन उन्हाळ्यात एक अंधारी खोपटी उभारली. दुपारी चार वाजता कुंड्या आत ढकलायच्या, सकाळी नऊला बाहेर काढायच्या. झाडं फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि अशा वनस्पतींना 'लघुदिन' हे नाव पडलं. माझ्या मते इथेच घोटाळा झाला. कुंडी खोपटीत ठेवली की दिवस आखडतो आणि रात्रही लांबते. यातल्या कशाला झाड दाद देतं, हे त्या प्रयोगातून कळूच शकत नव्हतं.

ते कळलं १९३८ मध्ये. हॅम्नर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी गोखरूसारखी काटेरी फळं धरणारं झँथियम हे तण घेतलं. दिवसाच्या मध्ये काही काळ अंधार केला, तर झाडावर काही परिणाम नाही. लांब रात्रीच्या मध्यावर मात्र मिनिटभर दिवा लावला, आणि फुलणं बंद. झाडाच्या हिशेबी ती एक लांब रात्र उरलीच नाही, दोन आखूड रात्री झाल्या. 'लघुदिन' हे नाव तेव्हाच बदलून 'दीर्घरात्र' करायला हवं होतं. आम्ही अजून जुनंच नाव शिकवतो आणि दर वर्षी विद्यार्थी त्यात फसतात.

मीही फसलो आहे. आमच्या प्रयोगशाळेत सोयाबीनच्या कुंड्या १२ तासांच्या अंधारात ठेवल्या होत्या. सगळ्या फुलल्या, दाराजवळच्या चार सोडून. मी आधी बियाण्याला दोष दिला, मग मातीला. एका रात्री आत बसून डोळे अंधाराला सरावू दिले, तेव्हा दिसलं: दाराखाली बोटभर फट, बाहेरच्या बोळातला दिवा रात्रभर चालू, आणि उजेडाचा पट्टा नेमका त्या चार कुंड्यांवर. फटीत जुनं फडकं कोंबलं आणि प्रश्न मिटला.

हा उजेड टिपतं कोण? पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा तांबडा प्रकाश पडला की ते कार्यशील रूपात जातं, ७३० च्या आसपासच्या अतितांबड्या प्रकाशाने परत फिरतं. म्हणून रात्र मोडायला तांबडा दिवा सगळ्यांत प्रभावी. हिरवा दिवा झाडाला 'दिसतच नाही' असं लागवड करणारे छातीठोकपणे सांगतात. त्यावर विसंबू नका. फायटोक्रोम हिरवा प्रकाशही थोडा शोषतं, आणि प्रखर हिरवा दिवा तासभर जळत ठेवला तर त्याला अंधार म्हणता येणार नाही.

पण नुसतं रंगद्रव्य वेळ मोजत नाही, त्यामागे आतलं घड्याळ असतं. सोयाबीनला ८ तास उजेड आणि मग सलग ६४ तास अंधार देऊन, त्या अंधारात वेगवेगळ्या वेळी थोडा थोडा प्रकाश देऊन पाहिलं गेलं. काही वेळी त्याने फुलणं रोखलं, काही वेळी उलट वाढवलं, आणि हा चढउतार सुमारे २४ तासांच्या लयीत येत राहिला. बाहेर सूर्य नाही, तरी आत दिवसरात्र चालूच.

१२ तास हा आकडाही काही निसर्गनियम नाही. उत्तरेकडचे भांगेचे कित्येक वाण १४ तासांचा दिवस असतानाच फुलतात; तिथला उन्हाळा छोटा, थांबून चालत नाही. विषुववृत्ताजवळच्या वाणांना त्याहून लांब रात्र लागते. धाग्यासाठी भांग पिकवणारे याचा फायदा घेतात: दक्षिणेकडचा वाण उत्तरेत पेरला की तो उशिरा फुलतो आणि तोवर उंच वाढत राहतो. भांगेच्याच रुडेरॅलिस या प्रकाराच्या वंशातली झाडं तर रात्रीची वाटच बघत नाहीत, ठरावीक वय झालं की फुलतात.

आता एक गोष्ट सांगतो, जिने माझ्याच नोट्स मला बदलायला लावल्या. १८ तासांच्या उजेडातल्या मादी झाडाच्या पानांच्या बगला भिंगाखाली नीट पाहा. तिथे एकेकटी फुलं आधीच आलेली असतात. २०१९ मध्ये हे तपशिलाने दाखवलं गेलं. म्हणजे पहिली फुलं येण्यासाठी लांब रात्र लागतच नाही. लांब रात्रीने होतं ते असं: शेंड्याची वाढ आखडते, फांदीला फांदी, तिला आणखी फांदी असं दाटीने फुटत जातं, पेरं एकमेकांना चिकटतात, आणि प्रत्येक पेराशी फुलं. बाजारात ज्याला किंमत येते तो भरगच्च तुरा म्हणजे खरं तर अतोनात आखडलेल्या फांद्यांचा गुच्छ. तेव्हा टायमर फिरवून खोलीतलं झाड 'फुलवलं' असं आपण म्हणतो, तेव्हा झाडाने नेमकं काय केलेलं असतं, हे मला पुन्हा नव्याने लिहून काढावं लागलं.