जुन्नर पाहायचं तर घाट चढून या

मंडळी, जुन्नर तालुक्यात पाहण्यासारखं काय काय आहे, ते मी सांगावं अशी अपेक्षा आहे. यादी हवी असेल तर ती कुठल्याही रसवंतीवर मिळेल: शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट. गाडी असली की एका दिवसात उरकतं. मात्र हे सगळं इथेच का, हा प्रश्न तसं फिरताना पडत नाही. मी म्हणतो, एकदा तरी जुन्नरला खालून या. कोकणातून, पायी.

मुरबाड–माळशेज रस्त्यावर वैशाखरे गाव आहे. तिथून नाणेघाटाची दोन-तीन तासांची चढण. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने वर यायचा आणि जुन्नरमार्गे पुढे पैठणकडे जायचा. घामाघूम होऊन माथ्याजवळ पोचलात की कातळात कोरलेली एक मोठी खोली लागते. तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी यांचा हिशेब. आपल्याकडच्या अंकांच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी काही इथे आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावं आहेत, खाली उरली आहेत ती पावलं.

पावसाळ्यात शेकडो माणसं वर गाडीने येतात, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघतात आणि खालच्या त्या खोलीकडे न फिरकता परत जातात. धबधबा सुंदर आहे, वाद नाही. पण दमून चढलेल्या व्यापाऱ्याला या राज्यात शिरताना पहिल्यांदा कोणाचं नाव दिसावं, हे ठरवूनच तो लेख तिथे कोरला असणार, असं मला वाटतं. गाडीने आलेल्याला ते कळणं अवघड. वर अरुंद नळीतून बाहेर पडलं की दगडी रांजण दिसतो. त्यात जकात टाकत असत, असं लोक सांगतात.

तिथून पूर्वेकडे बघा. अगदी जवळ जीवधन, मग चावंड, हडसर, शेवटी शिवनेरी. वाटेवर नजर ठेवायला बसवल्यासारखे. आता किल्ल्यांचं वेगळं काही सांगायला नको. कुकडी नदीही इथेच उगम पावते. पूर गावचं कुकडेश्वराचं कोरीव देऊळ चुकवू नका.

आणि मग जुन्नर. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. लेण्याद्रीला अष्टविनायकातला गिरिजात्मज आहे तोही एका बौद्ध लेण्यातच. ही लेणी नुसती राजांनी दिलेली नाहीत. धान्य विकणाऱ्यांच्या संघाने दिलेलं लेणं आहे. मानमोडीच्या डोंगरात नहपान या शक क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचं दान आहे. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत तर चक्क यवन, म्हणजे त्या काळचे ग्रीक, भेटतात: चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या दुसऱ्याने पाण्याच्या दोन पोढ्या. मला हा इरिल फार आवडतो. परमुलखातल्या माणसाने उन्हात चढून आल्यावर दान काय करावं, तर पाण्याची टाकी! शिवाजी महाराजांचं जन्मस्थान बघायला गडावर जाणाऱ्यांपैकी त्याच्या शेजारून गेलेले कितीतरी असतील.

वेळ उरला तर आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची. नारायणगावला चैत्रातल्या जत्रांच्या आधी तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. तो व्यवहार बघण्यासारखा असतो.

एक शेवटचं. मानमोडीला मधमाश्यांची मोठाली पोळी आहेत. अत्तर लावून, आरडाओरडा करत जाऊ नका. गावातलं कोणीतरी माहितगार बरोबर घ्या.