गिटारवर प्रोगचा कीबोर्ड: पेडल सोडा, आधी नोट बंद करायला शिका

(गिटार मांडीवर, अ‍ॅम्प चालू)

नमस्कार मंडळी! मागच्या वेळी बोलता बोलता 'टार्कस' या प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, रचनेच्या सुरुवातीचा कीबोर्डचा तुकडा गिटारवर वाजवला काय, आणि कमेंट बॉक्स भरून वाहिला काय! "ताई, पेडल कुठलं?" "ताई, सेटिंग दाखवा ना." "ताई, खरं सांगा, मागे कोणी कीबोर्ड वाजवतंय का?" मागे भिंत आहे. बघा. कोणी नाही.

सेटिंग आधी उरकून टाकू, कारण त्यात फारसा राम नाही. नेक पिकअप (मानेकडचा), टोन थोडा कमी. मग कॉम्प्रेसर, म्हणजे हळू मारलेली आणि जोरात मारलेली नोट सारखीच ऐकू येते. हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनची की तुम्ही अलगद दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. तो कमी-जास्त होतो पायाखालच्या पेडलने. म्हणून तुमच्याही पायाखाली व्हॉल्युम पेडल हवं. मग वरचं आणि खालचं सप्तक मिसळणारं ऑक्टेव्ह पेडल. हॅमंडवर हे काम ड्रॉबार, म्हणजे ओढायच्या दांड्या, करतात, एका संचात नऊ. शेवटी रोटरी, लेस्ली या फिरत्या स्पीकरची नक्कल. खऱ्या लेस्लीत वरचा भोंगा पटकन वेग घेतो आणि खालचा ड्रम जड म्हणून मागाहून येतो, तेव्हा पेडलमध्ये दोन्ही वेग वेगळे ठेवता येत असतील तर ठेवा. झालं सेटिंग.

आता एक कॉर्ड. (वाजवते) ऑर्गन! आता दुसरी कॉर्ड. (वाजवते) गेलं सगळं. लगेच कळलं ना, गिटार आहे ते? कुठे कळलं? पहिल्या कॉर्डवर नाही, दुसरीवरही नाही. दोघींच्या मधे कळलं. पहिली कॉर्ड नीट बंदच झाली नाही. एक तार आधी मेली, एक रेंगाळली, एकीवरून बोट घासत गेलं.

पेटीवर हात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बोट खाली, सूर चालू. बोट वर, सूर बंद. आपण गिटारवाले मात्र आयुष्यभर नोट सुरू कशी करायची हेच शिकतो. पिक कुठलं, कोन कुठला, ठोका वरून की खालून. नोट संपते कशी? रामभरोसे.

तर आजचा मुद्दा एवढाच. डाव्या हाताचा दाब सोडायचा, स्पर्श सोडायचा नाही. बोट तारेवरून उचललंत तर मोकळी तार वाजते. बोट तारेवरच राहू दे, फक्त फ्रेटवरचा जोर काढून घ्या. (दाखवते) तार जागच्या जागी गप्प. आणि इथे एक खड्डा आहे. पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटवर एकाच बोटाचा हलका स्पर्श राहिला तर हार्मॉनिक, म्हणजे घंटीसारखा बारीक सूर, वाजतो. "टिंग!" ऑर्गन मधेच टिंग करत नाही. म्हणून त्या जागी शेजारचं बोटही तारेवर टेकवा. दोन बोटं टेकली की टिंग बंद.

आता 'टार्कस'. 1971 सालचं काम, 'इमर्सन, लेक अँड पामर' या बँडच्या कीबोर्डवाल्या कीथ इमर्सनचं, आणि त्या बँडमध्ये वेगळा गिटारवादक ठेवलेलाच नव्हता. त्यामुळे लोकांना वाटतं हे गिटारवर अशक्य असणार. उलट आहे! त्यातल्या पुष्कळ कॉर्ड सा ते म अशा अंतरांवर रचलेल्या आहेत, थरावर थर. आणि आपल्या तारा लावलेल्या कशा असतात? सा-म, सा-म, सा-म. ए, डी आणि जी या तीन तारांवर एक बोट आडवं टाका, रचना तयार. कीबोर्डवाल्याला तीन बोटं लागतात, आपल्याला एक. फक्त बी तार आली की गडबड, कारण जी ते बी हे अंतर सा-ग आहे. तिथे बी तारेवर एक फ्रेट पुढे जायचं.

आणि एकच बोट असल्याचा खरा फायदा कशात? बरोबर, बंद करण्यात. तिन्ही तारांवरचा दाब एकाच क्षणी सुटतो. (वाजवते) टक. टक. टक. ही 'टक' ऐका. हाच ऑर्गन. मी आत्ता ऑक्टेव्ह पेडल बंद केलंय, रोटरी पण बंद आहे. नुसती गिटार आहे, तरी ऑर्गनकडे झुकतेय की नाही?

एक कमेंट मला फार आवडली. आवडली म्हणजे चिडले मी. "एवढा आटापिटा कशाला? सरळ कीबोर्ड घ्या." अहो, घेईन की! आमच्या बँडमधला कीबोर्डवाला नोकरीसाठी दूर गेला, तेव्हा बाकीच्यांचं हेच म्हणणं होतं, की ही गाणी आता सोडून देऊ. मला सोडायची नव्हती. आणि तुम्हाला गंमत सांगते, ही उसनवारी पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी चालू आहे. 1970 मध्ये जेनेसिस या इंग्लिश प्रोग बँडचा पहिला गिटारवादक बँड सोडून गेला. नवा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट यायच्या आधी त्यांच्या कीबोर्डवाल्या टोनी बँक्सने काही काळ गिटारचे तुकडे होनर पियानेट या इलेक्ट्रिक पियानोवर, फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून वाजवले. त्याला कोणी म्हटलं नाही, सरळ गिटार घे.

बरं, पुढे. मोनो सिंथ. मिनीमूग घ्या, 1970 सालचा. तो एका वेळी एकच नोट वाजवतो. दोन सूर एकमेकांवर चढायची सोयच नाही त्यात. आपण काय करतो? बी तारेवरून ई तारेवर जातो आणि बी वाजतच राहते. क्षणभर दोन सूर एकत्र. संपलं, सिंथ मेला. म्हणजे परत तेच! नवी नोट सुरू होते त्याच क्षणी जुनी मेली पाहिजे. म्हणून शक्य तेवढं एकाच तारेवर वाजवा, हॅमर-ऑन आणि पुल-ऑफने, म्हणजे पिक न मारता बोट तारेवर आपटून किंवा ओढून सोडून. मिनीमूगवर की न सोडता पुढची नोट घेतली तर तिला नवा ठोका बसत नाही, सूर तसाच पुढे सरकतो. हॅमर-ऑनने तेच साधतं. तार बदलायचीच झाली तर बोटाचं टोक वरच्या, म्हणजे शेजारच्या जाड, तारेला टेकवून ठेवा. ग्लाइड हवा असेल तर स्लाइड करा, पण शेवटच्या फ्रेटवर थांबा. तिथे थरथर नको. सवयीने व्हायब्राटो येतोच, माझ्याही हाताला रोज दटावावं लागतं.

मेलोट्रॉन, टेपवर चालणारा कीबोर्ड! याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. "रिव्हर्ब लावा, डिले लावा, झाला मेलोट्रॉन." नाही होत. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक कीखाली टेपची पट्टी असते, साधारण आठ सेकंदांची. की दाबली की टेप चालते, सोडली की स्प्रिंग टेपला परत मागे ओढतो. म्हणजे सूर हवेत विरत विरत जात नाही, तुटतो. तुम्ही त्यावर रिव्हर्बचा समुद्र ओतलात तर तो तुटणार कसा? सुरुवात ठीक आहे, करंगळी व्हॉल्युम नॉबवर ठेवा, शून्यावरून हळूच वर आणा, पिकचा ठोका लपतो. तेवढं सगळ्यांना जमतं. पण शेवटी नॉब पटकन खाली आणा. पटकन! मग पुढच्या कॉर्डआधी ती छोटीशी फट येते. फट राहिली तरच मेलोट्रॉन.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई एकच गोष्ट किती वेळा सांगणार. अजून एकदा.

जेनेसिसच्या 'फर्थ ऑफ फिफ्थ'ची सुरुवात, 1973. सगळ्यात जास्त मागणी याचीच आहे. टोनी बँक्सचा पियानो, मात्रांची मोजणी दोन-चारवरून (2/4) तेरा-सोळा (13/16), पंधरा-सोळा (15/16) अशा उड्या मारते. मात्रा मोजून दमू नका. डावा हात कुठे बदलतो ते ऐका, त्याने वळणं कळतात. मी पिक आणि दोन बोटं मिळून वाजवते, कारण नुसत्या पिकने तारा ओलांडताना उशीर होतो. खालचे सगळे स्वर घेऊ नका, दहा बोटांचं काम सहा तारांवर मावत नाही. वरची ओळ आणि बदलणारा खर्ज ठेवा, मधलं जाऊ द्या. बेसवाला सोबत असेल तर खर्जही त्याच्या गळ्यात.

पण इथे बंद करण्याचा नियम उलटा फिरतो, म्हणून मुद्दाम हे गाणं घेतलं. एका कॉर्डचे स्वर एकमेकांत मिसळले तर चालतात, छान लागतात. कॉर्ड बदलली की मात्र मागचं सगळं एका फटक्यात साफ व्हायला हवं. म्हणून एका कॉर्डचे स्वर वेगवेगळ्या तारांवर पसरा आणि बदलाच्या क्षणी उजव्या हाताचा तळवा ब्रिजजवळ टेकवून उचला. (वाजवते) ऐकलंत? तळवा टेकला नाही तर कसं होतं तेही ऐका. (वाजवते) चिखल.

याच गाण्यात पुढे हॅकेटचा सोलो आहे. तो बासरीची आधी येऊन गेलेली धून उचलतो, पण बासरीची नक्कल करत नाही. सूर लांबवतो, गिटारलाच जमेल तसा. म्हणजे प्रत्येक वेळी कीबोर्डच व्हायला हवं असंही नाही. सिंथची ओळ गिटारसारखी वाजवून जास्त छान लागत असेल तर खुशाल वाजवा. मात्र नक्कल करायची ठरली तर अर्धवट नको.

टॅपिंगबद्दल विचारलंय बऱ्याच जणांनी, "ही फसवाफसवी नाही का?" हॅकेट 1971 मध्ये जेनेसिसच्या 'रिटर्न ऑफ द जायंट हॉगवीड'मध्ये टॅपिंग करत होता. झालं उत्तर. टॅपिंगमध्ये पिक नसतो, बोट आपटलं की नोट, म्हणजे कीसारखंच. अडचण एकच, मोकळ्या तारा मागे गुणगुणतात. त्यावर माझा उपाय हा. (दाखवते) केसांना लावायचा कापडी रबर, पहिल्या फ्रेटजवळ गुंडाळलेला. घट्ट नको, नाहीतर सूर वर चढतो. मोकळी तार लागणार असेल तेव्हा नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) मागे सरकवायचा.

शेवटचं, टॅब. "ताई, टॅब द्या." देत नाही. बहुतेक टॅबमध्ये फ्रेटचे आकडे असतात, नोट कधी सुरू होते ते कळतं. कधी संपते? लिहिलेलंच नसतं! आणि आपण आज इतका वेळ कशाबद्दल बोलतोय? साध्या स्टाफ नोटेशनमध्ये नोटेची लांबी असते, विराम असतो, आणि तो विराम वाजवायचा असतो. म्हणून मी नोटेशन ठेवलंय खाली, 'टार्कस'च्या पहिल्या काही मात्रांचं, आणि जिथे दाब सोडायचा तिथे लाल फुली मारलीय. मेट्रोनोम 60 वर लावा. डिस्टॉर्शन आत्ता नको. आधी फुल्यांवरचा दाब वेळेवर सुटू दे, मग पेडल चालू करा. आणि अडलात तर कमेंटमध्ये पेडलचं नाव विचारू नका, कुठल्या फुलीवर अडलात ते लिहा.