पैसा आधी कुणाचा?

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी मुफ्ती नाही, मौलवी नाही. 34 वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे. व्याजासारखा, इस्लामला नामंजूर असलेला पैसा दानधर्मात चालतो का, या विषयाकडे मी ग्रंथांतून आलो नाही, काउंटरवरून आलो. बंबई बाजारातले एक कापडवाले दर एप्रिलला पासबुक पुढे सरकवून म्हणायचे, ‘‘साहब, ब्याज कितना बना, अलग लिख दीजिए.’’ पहिल्या वर्षी मला वाटलं, आयकराची काही भानगड असेल. तिसऱ्या वर्षी विचारलंच. म्हणाले, ‘‘वो मेरा नहीं है, निकालना है.’’ मी सहज म्हटलं, मग मशिदीला देऊन टाका. गृहस्थ असे दचकले, की मागे रांगेतल्या माणसाच्या पायावर पाय पडला. ‘‘मस्जिद में? तौबा कीजिए साहब!’’

त्या ‘तौबा’चा अर्थ लागायला मला काही वर्षं गेली. आपल्या मनात तर उलटंच बसलेलं असतं. खटकणारा पैसा आला की देवाच्या पेटीत टाकावा, म्हणजे तोही सुटला आणि आपणही सुटलो. 8 नोव्हेंबर 2016 नंतर देवस्थानांच्या पेट्यांत पाचशे-हजारच्या बाद नोटा निघाल्या, त्या सगळ्याच काही भक्तीने आलेल्या नव्हत्या.

इस्लाममध्ये हा प्रश्न फार जुना आहे. मक्केची गोष्ट घ्या. पैगंबरांना प्रेषितत्व मिळण्याआधी काही वर्षं कुरैश टोळीने काबा नव्याने बांधायला घेतला. ही माणसं तेव्हा मूर्तिपूजक होती, व्याजबट्टाही करत होती. तरी चरित्रकार इब्न इसहाक सांगतो, की त्यांनी आपसांत ठरवलं, या बांधकामात वेश्याव्यवसायाचा, व्याजाचा, कुणाला नाडून मिळवलेला पैसा घालायचा नाही. आणि झालं काय? पैसा कमी पडला. इमारत आखूड करावी लागली. काब्याच्या एका बाजूला अर्धगोल, बुटकी भिंत दिसते ना, तो हतीम. तो भाग मूळ काब्यातलाच. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी त्यांना विचारलं, हा आत का घेतला नाही? उत्तर बुखारीच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, आहे: तुझ्या लोकांना खर्च पुरला नाही. आजही प्रदक्षिणा त्या भिंतीच्या बाहेरून घालावी लागते. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. सगळ्या वर्गण्या गोळा करून इमारत पुरी करणं त्यांना काही अवघड नव्हतं.

पुढे कुरआनमध्ये दुसऱ्या सूरेच्या 267व्या आयतीत आज्ञा आली, की कमाईतलं चांगलं ते खर्च करा, वाईट निवडून दानात देऊ नका. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहातली हदीस आहे, अल्लाह पाक आहे आणि पाक तेच स्वीकारतो. त्याच संग्रहात एक प्रसंग येतो. बसऱ्याचा सुभेदार राहिलेला इब्न आमिर आजारी होता. खलिफा उमरचे पुत्र इब्न उमर त्याच्या समाचाराला गेले. तो म्हणाला, माझ्यासाठी दुआ करा ना. इब्न उमर म्हणाले, मी पैगंबरांना बोलताना ऐकलंय, शुद्धीशिवाय नमाज नाही आणि गुलूलमधून दान नाही. आणि तू तर बसऱ्याचा सुभेदार होतास. बस, एवढंच. गुलूल म्हणजे युद्धातल्या लुटीची वाटणी होण्याआधी त्यातलं लांबवणं, पुढे सगळ्याच सार्वजनिक पैशाची अफरातफर. आजाऱ्याच्या उशाशी बसून असं बोलायला छाती लागते. आपण नारळपाणी देऊन परत येतो.

पण एवढ्यावर थांबलं तर ती नुसती पावित्र्याची भाषा होते. फकिह म्हणजे धर्मशास्त्री लोकांनी त्यात खरा कस लावला, तो हिशेबी माणसाचा. त्यांचा पहिला प्रश्न ‘मशिदीने हा पैसा घ्यावा का’ हा नसतो. पहिला प्रश्न, हा पैसा कुणाचा? चोरी, लाच, फसवणूक यांतून आलेला पैसा तुमचा झालेलाच नाही. मग तुम्ही दान कशाचं करता? मूळ मालक असेल तर त्याला परत करा, तो वारला असेल तर वारसांना. मालक हयात असताना त्याचे पैसे मदरशाला देऊन पुण्य मिळवणं म्हणजे शेजाऱ्याच्या गाईचं दूध काढून सत्यनारायण घालणं.

मालक सापडतच नसेल तर? इथे मोठा वाद आहे आणि तो मला फार आवडतो. फुजैल इब्न इयाज या सूफी साधकाच्या हाती दोन दिरहम आले. ते गैरमार्गाचे आहेत असं कळताच त्यांनी ते दगडांत भिरकावले: मी पाक तेच दान देतो, स्वतःसाठी नको ते दुसऱ्याला कसं देऊ! धर्मचिंतक गझालींनी, ज्यांचं निधन 1111 साली झालं, ही गोष्ट सांगितली आणि मग ती खोडून काढली. फेकून काय साधलं? मालकालाही नाही, गरिबालाही नाही. पैगंबरांपुढे एकदा मालकाच्या परवानगीविना घेतलेल्या बकरीचं मांस आलं, तेव्हा त्यांनी ते टाकून दिलं नाही, कैद्यांना खाऊ घालायला सांगितलं. तेव्हा गरिबाला द्या, पण सवाबाची, म्हणजे पुण्याची, नियत धरू नका. हे दान नव्हे, ही गळ्यातली धोंड उतरवणं. आणि घेणाऱ्या गरिबाला तो पैसा हलालच. दोष नोटेला चिकटत नाही, कमावणाऱ्याला चिकटतो.

गझाली असा बेवारस पैसा पूल, धर्मशाळा, मशिदी अशा सार्वजनिक कामांतही चालेल म्हणतात. आपल्याकडे बहुसंख्य असलेल्या हनफी पंथात मात्र सूर कडक आहे. दमास्कसचे फकिह इब्न आबिदीन, मृत्यू 1836, नोंदवतात की अशा पैशाने मशीद बांधणं मकरूह, म्हणजे नापसंत, कारण अल्लाह जे स्वीकारत नाही त्याने त्याचं घर मळवायचं नाही. कापडवाल्यांची ‘तौबा’ इथली. बँकेचं व्याज मुफ्ती बँकेत सोडू देत नाहीत, गरिबाला द्यायला सांगतात. देवबंदच्या मदरशाच्या परंपरेत तर सरकारी बँकेचं व्याज आयकरात भरायला मुभा आहे, कारण जिथून आलं तिथेच ते परत गेलं. आणखी गंमत म्हणजे हनफींच्या मते जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, तीही मशिदीच्या बांधकामाला लागत नाही, आणि जकात तर शुद्ध पैसा! पण ती गरिबाच्या मालकीची. पुन्हा तोच प्रश्न, कुणाचा?

इंदूरकरांना हे परकं वाटू नये. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट, देवळं, अन्नछत्रं उभारली, ती सरकारी खजिन्यातून नव्हे, खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या खासगी मिळकतीच्या, उत्पन्नातून, हे आपण अभिमानाने सांगतोच की. आणि हो, सगळेच मुतवल्ली, म्हणजे मशिदीचे कारभारी, चंदा पारखून घेतात असा दावा मी करत नाही. संगमरवरी पाटीवर नाव कोरून हवं असणारा देणगीदार सगळ्या धर्मांत भेटतो.

एक चिठ्ठी आली आहे. ‘पेटीत कोण काय टाकतो हे कसं कळणार?’ नाही कळणार, आणि चौकशी करत बसायचं बंधनही नाही. इब्न मसऊद या सहाबींना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, एकाने विचारलं, व्याज खाणारा शेजारी जेवायला बोलावतो, जाऊ का? ते म्हणाले, जा, जेवण तुझं, पाप त्याचं. मिश्र कमाई असेल आणि त्यात हलाल जास्त असेल तर बहुतेक मुफ्ती देणगी घ्यायला हरकत घेत नाहीत. पण देणाऱ्याने स्वतःच सांगितलं, की हे अमुक धंद्यातलं आहे, तर घेणाऱ्याला ते ऐकू आलं नाही असं म्हणता येत नाही.

दुसरी चिठ्ठी: ‘ते कापडवाले व्याजाचं करायचे काय?’ मी विचारलं होतं. कुणाच्या तरी डायलिसिसचं बिल भरायचे. पावतीवर मात्र रुग्णाचंच नाव असायचं.