काहीच दुखत नव्हतं

(दृश्य: पहाटेची खानापूर-बेळगाव बस, खिडकीबाहेर धुकं)

खानापुरातनं बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. २०२३ च्या जूनपासनं आमच्या कर्नाटकात आधार कार्ड दाखवलं की आम्हा बायकांना झिरो तिकीट मिळतंय, म्हणजे जायला पैसे पण लागत नाहीत. या बसनं मी किती वेळा दवाखान्यात गेले असेन, सासूबाईंचं बीपी, पोरांचा ताप, जावेचं बाळंतपण. स्वतःसाठी गेले ती ४५ व्या वर्षी, मॅमोग्राम काढायला, म्हणजे कॅन्सरची गाठ आहे का बघायला छातीचा एक्स-रे, आणि ते पण काही दुखत नसताना.

निघताना मोठी जाऊ म्हणाली, "काय दुखालंय काय गं तुझं? मग कशाला जातीस?"

तिचं काही चुकलं नाही, आपण सगळ्याच असंच म्हणतो. पण छातीतली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि दुखत नाही म्हणून आपण अंगावर काढतो, मग कातडी आत ओढली जाते, बोंडातनं पाणी किंवा रक्त येतं तेव्हा कुठं घरात सांगतो, ते पण लाजत लाजत. २०२२ मध्ये आपल्या देशात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नवीन केसेस धरल्या होत्या आणि ९८ हजारांच्या वर बायका त्याच वर्षी त्यानं गेल्या. आणि २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागं एकीनं पण धड छाती तपासून घेतलेली नव्हती. हा आकडा ऐकल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

(दृश्य: मशीनची खोली)

आता मशीनचं सांगते, कारण भीती सगळी त्याचीच असते. अंगाला पावडर, डिओ काही लावून जायचं नाही, त्यातले कण फोटोत ठिपक्यासारखे दिसू शकतात. पाळी येत असेल तर ती होऊन गेल्यावर आठवड्याभरात जावं, तेव्हा छाती कमी दुखरी असते. आत टेक्निशियन बाईच होती. तिनं एक एक छाती प्लेटवर ठेवली, वरनं दुसरी प्लेट दाबत खाली आली, आणि ती कानडीत म्हणाली, "उसिर हिडकोरी अक्का." श्वास धरला. दाब चांगलाच जाणवतो, खोटं कशाला सांगू, पण काही सेकंदांचाच. दोन्हीकडचे दोन-दोन, असे चार फोटो. एक्स-रेच आहे, आणि रेडिएशन म्हणाल तर आपल्याला वातावरणातनं साधारण सात आठवड्यात मिळतं तेवढंच. मी मुठी आवळून उभी होते आणि ती म्हणाली झालं, कपडे घाला.

मग चार दिवसांनी फोन. परत या, सोनोग्राफी करायची आहे.

पाय गळाले माझे. घरी नवऱ्याला सांगितलं तर ते जेवता जेवता उठले. त्या रात्री मी पोरींच्या फ्रॉकला बटणं लावत बसले, हाताला काही तरी काम पाहिजे होतं. नंतर कळलं की पहिल्या मॅमोग्रामला असं परत बोलावणं बरंच होतंय, कारण ताडून बघायला आधीचे फोटोच नसतात, आणि परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर निघत नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती, म्हणून मी या व्हिडिओत मुद्दाम सांगते. माझी पाण्याची गाठ निघाली, साधी.

पण एक आहे, रिपोर्ट चांगला आला म्हणून निश्चिंत राहायचं नाही. मॅमोग्राममधनं पण काही गाठी सुटतात, तरुण बायकांत जास्त. हाताला नवीन काही लागलं तर परत दाखवायचं, रिपोर्ट कालचा असला तरी.

हे मशीन आपल्या गावच्या दवाखान्यात नसतंय. पण ३० च्या पुढच्या बायकांची छाती हातानं तपासायची सोय सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताईला विचारायचं. मुंबईत १९९८ पासनं वीस वर्षं दीड लाखावर बायकांवर अभ्यास झाला, शिकवलेल्या बायकांनी नुसत्या हातानं दर दोन वर्षांनी तपासलं, तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे मृत्यू जवळजवळ तीस टक्के कमी झाले. हातानं हो! मशीन नाही. आमच्या भागात भात लावायला, रताळी काढायला बायका टोळीनं जातात, तशाच तपासायला जाता येतं की.

(दृश्य: घर, लोखंडी ट्रंक)

फोटोंचं पाकीट मी ट्रंकेत ठेवलंय, शेताच्या उताऱ्याखाली, रेशन कार्डाच्या शेजारी. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढच्या वेळी येताना ते घेऊन या. परवा जाऊ आली होती, ट्रंक उघडायला लावली, एक फोटो उजेडाकडं धरून किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईला मराठी येतंय का गं?"

मी म्हटलं, येत नाही, पण मी येतीय की सोबत.