पितळेच्या दोन ठोकळ्यांमधला मसूर
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : अंधार. गॅसची निळी ज्योत. सळईवर फिरणारी नारिंगी काच. पहिले १० सेकंद निवेदन नाही.]

सळई फिरतेय. तिच्यावर वितळलेल्या काचेचा गोळा आहे, जांभळाएवढा आणि जांभळासारखाच थोडा लांबट. ज्योतीबाहेर आला की त्याचा नारिंगी रंग उतरायला लागतो. एक, दोन, तीन. रंग मावळला, की गोळा पितळेच्या खालच्या ठोकळ्यावर टेकतो आणि वरचा ठोकळा त्याच्यावर येतो.

[दृश्य : साचा बंद होताना, अगदी जवळून. फक्त पितळेचा आवाज.]

साचा उघडतो आणि गोळ्याचा मसूर, म्हणजे मसुराच्या आकाराचा काचेचा मणी, झालेला असतो. २० मिलिमीटर रुंद, मध्ये १० मिलिमीटर जाड, कडेला पातळ. नुसत्या पाटीवर दाबूनही असा मणी घडतो. पण कानातल्यांसाठी दोन अगदी सारखे हवे असतील, तर साचाच लागतो.

साचा घेताना नजर जाते ती आकारावर. मसूर, उशी, दुटोकी, पान. आकार महत्त्वाचा खरा, पण साचा चांगला की वाईट हे आकारावरून कळत नाही. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : सळईची खाच, पोकळीत मावणारी काच आणि दोन अर्ध्यांची जुळणी. नाशिकमध्ये या तिन्ही गोष्टी जाणणारे कारागीर आधीपासून आहेत. काचेसाठी हा जॉब त्यांच्याकडे क्वचितच जातो, एवढंच.

[दृश्य : जुनं नाशिक. भांडी बाजारातली पितळेची रास, तिच्यावर सकाळचं ऊन.]

पितळ म्हणजे या शहराचा ओळखीचा धातू. तांबट आळी आणि भांडी बाजार ही नावंच ते सांगतात. काचेच्या साच्याला पितळ मानवतं ते वेगळ्या कारणाने. ते उष्णता झपाट्याने ओढून घेतं, म्हणून काचेची वरची कातडी लगेच धरते आणि आकार टिकतो. कटरला ते मऊ जातं, त्यामुळे कड स्वच्छ निघते. शिवाय वजनदार असतं. ६० बाय ४० बाय २० मिलिमीटरचा एक ठोकळा ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो. वरच्या अर्ध्याचं वजनच निम्मं काम करतं, हाताने रेटावं लागत नाही.

[दृश्य : टेबलावर तीन साचे शेजारी-शेजारी. पितळ, ग्राफाइट, ॲल्युमिनियम.]

मधला काळा साचा ग्राफाइटचा. त्याला काच चिकटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण हातातून पडला तर कोपरा उडतो, आणि वारंवार लालभडक तापला तर हवेत हळूहळू झिजतो. बारीक कणांचंच ग्राफाइट घ्यावं, भरड असेल तर मण्यावर खरखरीत ठसा उमटतो. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलकं. मात्र ते ६६० अंशांना वितळतं. ज्योत चुकून त्याच्यावर गेली तर कड बसते, आणि बसलेली कड परत येत नाही. नव्याने शिकणाऱ्याने आधी सपाट जबड्यांचा पितळी चिमटा घ्यावा. काच कधी दाबायची आणि कधी थांबायचं, हे त्यावर हाताला कळतं. त्यानंतर पितळी मसूर.

[दृश्य : सातपूर. टूलरूममधलं व्हीएमसी, म्हणजे संगणकाने चालणारं कटिंग मशीन. कूलंटची धार, पितळेचा सोनेरी भुसा.]

हे सातपूर, नाशिकची औद्योगिक वसाहत. इथल्या आणि शेजारच्या अंबडच्या टूलरूममध्ये, म्हणजे यंत्रांची हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या कारखान्यांत, प्रेस टूल, जिग, फिक्श्चर रोज होतात. मण्याचा साचा त्यांच्यासाठी लहानसं काम आहे. पण ड्रॉइंग नेमकं द्यावं लागतं. ‘मसुरासारखा खड्डा करा’ म्हणून भागत नाही.

मसुराचा अर्धा भाग म्हणजे गोलाचा सपाट कापलेला एक तुकडा. २० मिलिमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटर खोल खड्डा हवा असेल, तर तो साडेबारा मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाचाच भाग असतो. म्हणजे २५ मिलिमीटरचा बेअरिंगचा गोळा त्यात तंतोतंत बसला पाहिजे.

[दृश्य : निळ्या रंगाने माखलेला बेअरिंगचा गोळा खड्ड्यात टेकवताना. खड्ड्यात उमटलेला निळा ठसा.]

आता होतेय ती तपासणी हीच. गोळ्याला मार्किंग ब्लू लावून तो खड्ड्यात टेकवलाय. निळा रंग सगळीकडे सारखा उमटला, तर खड्डा बरोबर. फक्त मध्यभागी उमटला तर खड्डा पसरट झालाय, फक्त कडेला उमटला तर तळ जास्त खोल गेलाय.

आता खाच. मणी ज्या सळईवर बनतो ती स्टेनलेस स्टीलची, इथे २.४ मिलिमीटरची. तिच्यावर मातीचा लेप असतो, नाहीतर काच सळईला कायमची धरून बसेल. लेपासकट जाडी २.७ मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणून खाच २.८ मिलिमीटरची हवी. घट्ट झाली तर लेप खरवडला जातो, त्याचे कण काचेत शिरतात आणि मणी सळईवर अडकतो. सैल झाली तर सळई एका बाजूला बसते आणि भोक मण्याच्या मधोमध येत नाही. तयार साचा घेतानाही पहिला प्रश्न हाच विचारायचा : खाच कोणत्या सळईसाठी आहे? १.६ मिलिमीटरची सळई वापरणाऱ्याच्या हातात ३.२ ची खाच आली, तर त्याला आकार कितीही आवडो, तो साचा त्याच्या कामाचा नाही.

[दृश्य : दोन्ही ठोकळे एकत्र आवळलेले. जोडावर ड्रिल उतरताना.]

हा भाग नीट पाहण्यासारखा आहे. खाच दोन्ही अर्ध्यांवर वेगवेगळी कापलेली नाही. दोन ठोकळे एकमेकांवर आवळले आणि बरोबर जोडरेषेवर २.८ चं ड्रिल घातलं. त्यामुळे अर्धी खाच वर, अर्धी खाली, फरकाला जागाच नाही. लांब भोक घालताना ड्रिल वाट सोडतं, म्हणून दोन्ही बाजूंनी १०-१० मिलिमीटरच आत जायचं. मार्गदर्शक पिनांची भोकंही अशीच, दोन्ही ठोकळे एकत्र धरून. मग भोक नेमक्या मापाचं करायला रीमर, आणि त्यात ६ मिलिमीटरच्या कडक डॉवेल पिना. पिनांत खेळ राहिला तर वरचा अर्धा सरकतो आणि मण्याच्या कडेला पायरी पडते. अशी पायरी ज्योतीत वितळवून घालवायला गेलं की मसूरच गोल होऊ लागतो.

कडांबद्दल कारागिराला दोन उलट सूचना द्याव्या लागतात. खाच जिथे खड्ड्यात उतरते ती धार बारीक पेपरने मोडायची, नाहीतर ती लेप कापते. खड्ड्याची गोल कड मात्र अजिबात मोडायची नाही. ती गोलावली की काच तिथे घुसते आणि मण्याला पाख फुटते, म्हणजे जादा काचेची पातळ पट्टी बाहेर येते. दोन्ही कडा मोडून स्वच्छ करणं ही चांगल्या टूलरूमची सवय असते, म्हणून हे ड्रॉइंगवरच लिहावं.

[दृश्य : खड्ड्यावर पेपर आणि पॉलिश. बोटाने पुसल्यावर चमक.]

आधी ४००, मग ८००, मग १२०० चा पेपर, शेवटी पॉलिश. कटरची एक जरी रेघ राहिली तरी प्रत्येक मण्यावर ती उमटते. फ्री कटिंग पितळेत थोडं शिसं असतं. हा भुसा हाताळल्यावर जेवायच्या आधी हात धुवायचेच.

[दृश्य : सिरिंजने खड्ड्यात पाणी. प्लॅस्टिसिनने बंद केलेल्या खाचा.]

आणि आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती : साच्यात काच किती मावते? मोजायची रीत सोपी आहे. खाचांची तोंडं प्लॅस्टिसिनने बंद करा आणि खड्डा सिरिंजने काठोकाठ भरा. या मसुराच्या अर्ध्यात ०.८५ मिलिलिटर पाणी बसलं. दोन्ही अर्धे मिळून १.७. त्यातली ०.१ सळई खाते. उरली १.६ मिलिलिटर. काचेची घनता अडीच धरली, तर काच लागते ४ ग्रॅम.

मणी ज्या काचेच्या कांडीतून घडतो ती ६ मिलिमीटर जाडीची असेल तर ती पावणेसहा सेंटिमीटरच्या आत-बाहेर पुरते. पण इटलीतल्या मुरानोहून येणाऱ्या कांड्याही सगळ्या एका जाडीच्या नसतात. तीच कांडी ५ मिलिमीटरची निघाली तर ८ सेंटिमीटर लागते. म्हणून लांबीपेक्षा वजनावर विसंबावं. सराफाच्या काट्यावर कांडी आधी तोला, मणी झाल्यावर पुन्हा तोला. चार-पाच मण्यांत डोळ्याला अंदाज येतो.

[दृश्य : पुन्हा ज्योत. कांडीची काच सळईवर चढताना.]

ही ४ ग्रॅम काच गोल करून दाबायची नाही. गोल चेंडू दाबला तर काच आडवी पसरते आणि सळईच्या दिशेने अपुरी पडते. आधी जांभळाचा आकार : लांबी १८ मिलिमीटर, पोटाशी १३ ते साडेतेरा. सगळीकडे सारखा ताप. बाहेर काढल्यावर लगेच दाबला तर काच पितळेला ओढते, कधी चिकटतेच. फार थांबलात तर ती पसरत नाही, आणि मग जोर लावला की आतला लेप फुटतो. काळी आणि हस्तिदंती काच मऊ असते, तिला थोडं जास्त थांबावं. पारदर्शक काच ताठ असते, तिला कमी.

[दृश्य : अर्धवट भरलेला मणी. मग पाख फुटलेला मणी.]

डावीकडचा मणी काच कमी पडलेला. कड भरली नाही. ज्योतीत नेऊन थोडी काच चढवली, पुन्हा दाबला, की काम होतं. उजवीकडच्यात काच जास्त झाली आणि जोडातून पाख बाहेर आली. ती तापवून गार कांडीला चिकटवून ओढून काढता येते, पण आकार परत जुळवायला वेळ जातो. म्हणून सुरुवात थोड्या कमी काचेने करावी.

नाशिकच्या जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, आणि रात्रभर पडून राहिलेलं पितळही तेवढंच गार असतं. अशा साच्यात दाबलेल्या काचेवर सुरकुत्या उमटतात. साचा भट्टीच्या वर ठेवून आधी कोमट करावा, हाताला जेमतेम सोसेल इतपत. उलट, सलग मणी करताना तो तापत जातो आणि काच ओढायला लागतो. मग थांबायचं, पाण्यात बुडवायचं नाही. दाबल्यावर दोन्ही तोंडं ज्योतीत दोन-तीन सेकंद दाखवली की उरलेल्या सुरकुत्या जातात. ज्योत मध्यावर धरायची, कड पातळ असते आणि आधी वितळते.

[दृश्य : भट्टीचं दार बंद होताना.]

मग भट्टी. या काचेसाठी ५१० ते ५२० अंश, अर्धा-एक तास, आणि त्यानंतर रात्रभर सावकाश निवणं. हे चुकलं तर मणी तडकतो. आज, महिन्याने, कधीही.

[दृश्य : सकाळ. पाण्याखाली मणी सळईवरून सुटताना. मण्यातून आरपार उजेड.]

भोकातली माती डायमंड रीमरने, पाण्याखालीच घासायची. तिची कोरडी धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. मणी धुऊन झाला की भोकाच्या दोन्ही तोंडांवरून बोट फिरवून पाहतात. काच टोकेरी राहिली असेल तर बोटाला लागते, आणि पुढे दोराही कापते. इथे दोन्ही तोंडांशी काच आत वळलीय, छोटीशी खळी पडलीय. ४ ग्रॅम काच पोकळीत बरोबर भरली होती.

[दृश्य : दोन मसूर शेजारी-शेजारी, तळहातावर. निवेदन नाही.]