एक जोड कोरडा

नमस्कार श्रोतेहो.

गणपती गेले की पाऊस गेला, असं म्हणून आपण घरातल्या छत्र्या माळ्यावर टाकतो. सायकलवर आठ दिवसांचं सामान बांधून कोकणात उतरणाऱ्या मंडळींनी मात्र या भरवशावर राहू नये. मोसमी पाऊस महाराष्ट्रातून माघारी फिरतो तो ऑक्टोबरात, आणि जाताना दारं आपटत जातो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाला चिकटणारा उकाडा. चारच्या सुमाराला सह्याद्रीच्या बाजूनं काळं चढत येतं आणि पाचला विजांसकट कोसळतं. म्हणून परतीच्या पावसात सायकलवाल्यानं पहाटे साडेपाचला निघावं आणि दुपारी दोनला थांबावं. पहाटे साडेपाच, दुपारी दोन. उरलेले किलोमीटर उद्या.

मुंबईहून सहा पारशी तरुण जगाच्या सायकल सफरीला निघाले ते १९२३ च्या ऑक्टोबरातच. त्यातल्या तिघांनी, म्हणजे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, १९२८ मध्ये ती फेरी पुरी केली. सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर! आज आमच्या ओळखीतले लोक लोणावळ्याला जायचं तरी आधी तीन महिने सीटचं वजन ग्रॅममध्ये मोजत बसतात. सायकलचं वजन दोनशे ग्रॅमनी कमी करायला दहा हजार घालवणाऱ्याला स्वतःच्या पोटाचा घेर दिसत नाही, हे मला नवल वाटतं. असो, विषय पावसाचा आहे.

आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सामानात कपड्यांचा एक जोड कोरडा ठेवायचा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला पीळ देऊन रबर लावायचं, आणि ती पिशवी बॅगेच्या तळाशी. तो जोड मुक्कामाला पोचल्यावर, छपराखाली, अंग पुसून घालायचा. वाटेत नाही. पुन्हा सांगतो, वाटेत नाही. सकाळी परत कालचा ओला जोड चढवायचा, कितीही शिसारी आली तरी. दहा मिनिटं पायडल मारलं की तो अंगाच्या उबेनं गरम होतो.

रेनकोटचं मी फारसं बोलत नाही. चढावर रेनकोट घातला तर बाहेरून पाऊस आणि आतून घाम, दोन्हीकडून भिजतो आपण. चढताना काढा, उतरताना घाला, कारण उतारावरचा वारा खरा गारठवतो. उतारावरचंच अजून एक. ज्यांचे ब्रेक चाकाच्या रिमवर दाबतात त्यांना ओल्या रिमवर ब्रेक लगेच लागत नाही. चाक एक-दोन फेरे फिरून पाणी पुसलं गेलं की मग पकड येते. तेव्हा ब्रेक आधीपासून हळूहळू दाबत चला. आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे टाळा, ओले झाले की शेवाळलेल्या पायरीसारखे घसरतात.

आता तब्येतीचं पटकन उरकतो, कारण मला पुढे काकांची गोष्ट सांगायची आहे.

पहिली तक्रार बैठकीची. विषय थोडा अवघड, घरात सगळे ऐकत असतील, पण बोलायलाच हवं. ओली चड्डी, घाम आणि सीट यांच्यामध्ये जांघ दिवसभर घासली की संध्याकाळी माणूस बदकासारखा चालतो. सायकलिंगची गादीवाली चड्डी घालत असाल तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, आतल्या कपड्याची शिवण कापते. निघण्यापूर्वी व्हॅसलीन नाहीतर खोबरेल, आणि मुक्कामाला पोचल्या पोचल्या साबणानं धुऊन जागा कोरडी करायची. कुठे फोड उठला, त्यात पू झाला, तर एक दिवस सायकल बंद. तिथे मर्दुमकी दाखवायची नाही.

दुसरं, पावसात तहान कळत नाही. अंग ओलं असल्यानं घाम किती गेला त्याचा पत्ता लागत नाही, आणि संध्याकाळी डोकं ठणकतं. पाणी पीत राहा. पोट बिघडलंच तर मेडिकलमधून ओआरएसची पुडी घ्या. दुकान जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट. सहा साखर, अर्धा मीठ. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका, ते बाधतं.

तिसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. पायाला खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यातून सायकल ढकलत नेली, त्या पाण्यात उंदरांचं मूत असलं, की तो जंतू जखमेतून शिरतो. ताप साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी येतो, म्हणजे तुम्ही घरी येऊन फोटो दाखवत असता तेव्हा. त्यात पोटऱ्या विलक्षण दुखतात आणि सायकलवाला म्हणतो, दुखणारच, चारशे किलोमीटर मारलेत! इथे घोटाळा होतो. ताप, पोटऱ्या, लाल डोळे असं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि साचलेल्या पाण्यातून चाललो होतो हे आपणहून सांगा. ते विचारतील याची वाट बघू नका.

हं. आता काका.

आमच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, तेव्हा वय एकसष्ट. ते, माझा कॉलेजातला भाचा आणि मी, असे तिघं किनाऱ्यानं गोव्याला निघालो होतो. मघाशी सांगितलेला नियम मूळचा काकांचा. त्यांनी सामानाची यादी टाईप करून आम्हाला वाटली होती आणि खाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘एक जोड कोरडा. अपवाद नाही.’ बँकेतला माणूस!

चौथ्या दिवशी हर्णैला सकाळचा मासळीचा लिलाव बघण्यात मी दीड तास घालवला. ती चूक माझी. त्यामुळे दुपारी दोनला थांबायच्या ऐवजी आम्ही तीनला दाभोळच्या धक्क्यावर पोचलो, आणि तिथे पहिल्या सरीनं आम्हाला धुऊन काढलं. दाभोळहून धोपाव्याला फेरी बोट जाते, मोटारी, एसट्या, सायकली सगळं घेऊन. या खाड्यांवर आता पूल व्हायचेत. होऊ देत, लोकांची सोय होईल. पण सायकलवाल्याच्या गुडघ्यांना फुकटात मिळणारी विश्रांती त्या बोटीवरच मिळते, आणि ती पुलावर मिळणार नाही एवढं मी म्हणून ठेवतो.

तर बोटीवर ऊन पडलं. काका म्हणाले, अंगाला ओलं चिकटतंय रे. आणि बोटीच्या केबिनमागे जाऊन त्यांनी कोरडा जोड चढवला! भाचा म्हणाला, काका, अपवाद नाही. काका म्हणाले, ऊन पडलंय, हा अपवाद नव्हे.

धोपाव्याच्या धक्क्यावरून रस्ता उठतो तो सरळ चढणीला. काका घामानं निथळले. वर आलो तर सडा. कोकणातला सडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, भिंत नाही, वाऱ्याला अडवायला म्हैससुद्धा नाही. तिथे दुसरी सर आली, विजांसकट. रबराचे टायर विजेपासून वाचवतात ही समजूत काढून टाका, काही वाचवत नाहीत. पक्क्या घरात शिरायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

घर दिसेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. काका गप्प झाले होते, आणि काका गप्प होणं हेच मुळात आजाराचं लक्षण. सायकलवरून उतरले तर पाय टेकताना तोल गेला. मी म्हटलं, काका, काहीतरी खा. त्यांनी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा हातात घेतला आणि उलटासुलटा करत बसले. ती लाल पट्टी बोटांत येईना. चाळीस वर्षं नोटा मोजलेली बोटं! दात वाजत होते, आणि बोलले ते काहीतरी ‘व्हाऊचर’ असं बोलले.

हवा थंड नव्हती हो, पंचवीसेक अंश असेल. पण ओलं अंग, वारा आणि रिकामं पोट एकत्र आलं की पंचवीस अंशातही माणूस गारठतो. बोटं चालेनात, जीभ अडखळायला लागली, की पुढे जायचं नाही. बोटं आणि जीभ, या दोनकडे लक्ष ठेवा.

ओटीवर एक आजी उभ्या होत्या, पंचाहत्तरीच्या, कासोटा घट्ट. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “आधी ते ओलं काढा. नावगाव मग सांगा.”

काढलं. पण घालायचं काय? काकांचा कोरडा जोड त्यांच्या अंगावरच भिजला होता. माझी बॅग दुकानदारानं शपथेवर वॉटरप्रूफ म्हणून दिलेली, तिच्यात तळाशी तांब्याभर पाणी निघालं. आत प्लास्टिक घातलंच नव्हतं मी. भाच्याचा जोड खडखडीत कोरडा, पण त्याची विजार काकांच्या गुडघ्यावर अडली. आजींचा मुलगा मुंबईला, घरात पुरुषाचा कपडा एकही नाही. आजी आत गेल्या आणि जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं नऊवारी लुगडं घेऊन आल्या. हिरवं, इरकली काठाचं.

काका चुलीपाशी पाटावर लुगड्यात गुंडाळून बसले, वरून घोंगडी. आजींनी गूळ घातलेला कोरा चहा दिला, मग मऊ भात आणि कुळथाचं पिठलं. शेजारचा एक जण डोकावला, म्हणाला, थोडी घेऊ द्या त्यांना, ऊब येईल. आजींनी त्याला हाकललं, आणि बरोबर हाकललं. दारूनं कातडीकडे रक्त येतं, तेवढ्यापुरतं गरम वाटतं आणि आतली ऊब उलट निघून जाते. दारू नाही, गरम गोड पेय. आणि हातपाय चोळत बसू नका. कोरडं करा, गुंडाळा, प्यायला द्या. तेवढ्यानं थरथर थांबली नाही, किंवा माणूस पेंगायला लागला, तर मात्र गाडी बोलवून दवाखाना.

अर्ध्या तासानं घोंगडीतून आवाज आला, “पिठलं आणखी आहे का?” तेव्हा माझा जीव खाली आला. तेवढ्यात शेजारची एक बाई दारात आली. अंधारात तिला पाठमोरं हिरवं लुगडं दिसलं. आजींना विचारते, “पाहुणी कधी आली?” भाचा मागच्या पडवीत पळाला, हसू आवरेना म्हणून. काका भात कालवत राहिले. म्हणाले, “आत्ताच, दाभोळच्या बोटीनं.”

सकाळी आमचे कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळले होते, गोव्यापर्यंत त्यांना धुराचा वास येत होता. निघताना काका लुगडं घडी घालून परत द्यायला गेले, तर आजींनी ते दुधाच्या पिशव्यांत बांधून त्यांच्या बॅगेत कोंबलं. “राहू दे,” म्हणाल्या, “तुम्हाला परत लागेल.”

त्याला सहा वर्षं झाली. काका आता सदुसष्टचे, अजून दर ऑक्टोबरात बाहेर पडतात, आणि त्यांचा कोरडा जोड म्हणजे ते लुगडं. वजनाला हलकं, पांघरायला होतं, म्हणतात. गेल्या वर्षी मालवणला एका लॉजवर त्यांनी बॅग उपसली तेव्हा खोली दाखवायला आलेला पोरगा ते हिरवं लुगडं बघून म्हणाला, “काकू मागून गाडीनं येतायत का? मग मोठी खोली देतो.”

काकांनी मोठी खोली घेतली.

नमस्कार.