तेलाने राखलेले अरण्य

ब्रुनेईतील बातांग दुरी गावच्या धक्क्यावरून निघालेली लांब, अरुंद होडी तेंबुरोंग नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर सरकते आहे. पाणी उथळ झाले की पुढच्या टोकाला बसलेला नावाडी खडक हेरून मागच्याला हाताने खूण करतो. दोन्ही काठांवर दिसते आहे ते उलू तेंबुरोंग राष्ट्रीय उद्यान. या अरण्याला लाकूडतोडीच्या ठेकेदारांचा हात कधी लागलेला नाही.

बोर्निओ बेटावर हे भाग्य दुर्मीळ आहे. शेजारच्या सारावाक या मलेशियाच्या राज्यातील जंगल इमारती लाकडासाठी दशकानुदशके तुटत असताना ब्रुनेईची सत्तर टक्क्यांहून अधिक भूमी वनाच्छादित राहिली, याचे मुख्य कारण जमिनीखाली होते. १९२९ साली सेरिया येथे तेल सापडले आणि राज्याला लाकूड विकण्याची गरज उरली नाही. २००७ मध्ये इंडोनेशिया आणि मलेशियासह बोर्निओचा अंतर्भाग जपण्याचा करार झाला, तेव्हा या देशाने आपली निम्म्याहून अधिक भूमी त्यात दिली.

परंतु जे तेल झाडे वाचवते, तेच हवेत कर्बवायू सोडते. लुमुत येथील प्रकल्पातून १९७२ पासून द्रवरूप नैसर्गिक वायू जपानला जातो आहे. देशात अनुदानित पेट्रोल लिटरमागे ब्रुनेई डॉलरच्या ५३ सेंटला मिळते, आणि दरडोई उत्सर्जनात ब्रुनेईचे नाव जगातील वरच्या देशांमध्ये येते. २०१९ मध्ये पुलाऊ मुआरा बेसार या बेटावर मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला, तोही स्वतःच्या कोळशावरील वीजकेंद्रासह. आणि पुढच्याच वर्षी सरकारने आपले हवामान धोरण जाहीर केले.

हे दोन्ही निर्णय एकाच राज्यव्यवस्थेतून निघाले, म्हणून तिच्याकडेही नीट पाहिले पाहिजे. १९६२ च्या डिसेंबरातील उठावानंतर लागू झालेली आणीबाणी दर दोन वर्षांनी वाढवली जात आली आहे. सुलतान हसनल बोल्कियाह १९६७ पासून गादीवर आहेत आणि १९८४ च्या स्वातंत्र्यापासून पंतप्रधानही तेच आहेत. विधान परिषदेत जनतेने थेट मतदानाने निवडलेला एकही सदस्य नाही. म्हणूनच २०१६ मध्ये झालेल्या पर्यावरणविषयक कायद्याच्या नावातच ‘आदेश’ हा शब्द आहे: तो निवडून आलेल्या सभागृहातील चर्चेतून नव्हे, तर सुलतानांच्या आणीबाणीतील अधिकारातून आला. अशा अधिकाराने अरण्य झटपट राखता येते, हे मान्य करावेच लागेल. कोळशाच्या वीजकेंद्राला मंजुरीही तितक्याच झटपट देता येते, आणि त्या बेटासमोर राहणाऱ्या मच्छीमाराला तिचा जाब मतपेटीतून विचारता येत नाही.

मार्च २०२० पासून सुमारे तीस किलोमीटरचा पूल ब्रुनेईच्या उपसागरावरून तेंबुरोंग जिल्ह्याला जातो. पूर्वी तिथे बोटीने किंवा मलेशियाच्या हद्दीतून जावे लागे. या पुलाच्या पलीकडच्या टोकाशी आता कोणते कारखाने, कोणत्या वसाहती येणार, त्याचे आराखडे मंजुरीआधी तेंबुरोंगच्या रहिवाशांपुढे उघडे ठेवले गेले पाहिजेत.